भिंतीतलं फाटक

सकाळी अकराच्या सुमारास नव्या विंगच्या मागच्या जिन्याचं दार उघडलं आणि समोर भिंत निघाली.

दार नीट उघडलं, हे आधी सांगायला हवं. नियमात म्हटल्याप्रमाणे ते बाहेरच्या बाजूला उघडलं, आडव्या दांड्यावर नुसता तळहात टेकताच उघडलं, करकरलंसुद्धा नाही. दाराबाहेर फरशी घातलेलं छोटं अंगण होतं. तेही नकाशात होतं तेवढंच होतं. फक्त त्या अंगणाच्या टोकाला, जिथे गल्लीत जाणारं फाटक असायला हवं होतं, तिथे पुरुषभर उंचीची, शेवाळ धरलेली विटांची जुनी भिंत उभी होती. भिंत शेजारणीची होती.

पाहणी अधिकाऱ्यांनी नकाशाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि पुन्हा नकाशाकडे पाहिलं.

"फाटक कुठंय?"

प्रश्न लॉजच्या मालकाला होता, पण मालकाने मान वळवून आपल्या भावजयीकडे पाहिलं. नकाशा तिने काढला होता. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. शहरातल्या एका मोठ्या ऑफिसात ती आर्किटेक्ट होती, दिवसभर दुसऱ्यांच्या इमारती काढायची आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून सासरचा लॉज काढायची. दीड वर्ष तिने तो काढला होता. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे विकायचा प्रश्नच नव्हता, घरचीच होती.

"फाटक..." धाकटी म्हणाली आणि थांबली. तिने नकाशा हातात घेतला. फाटक होतं. स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याच्या पलीकडे 'मोकळी जागा' असंही लिहिलेलं होतं. चूक कुठे झाली ते तिला त्याच क्षणी कळलं.

जुना लॉज कोपऱ्यावरचा. समोर रस्ता, डावीकडे गल्ली. जुन्या विंगचा मागचा जिना डाव्या टोकाला उतरतो, तिथून अंगण, अंगणातून फाटक, फाटकातून गल्ली. नवी विंग उजवीकडे आली. खोल्या तशाच, पॅसेज तसाच, जिना तसाच. अशा वेळी कोणी सगळं नव्याने काढत बसत नाही. एक बाजू काढायची आणि मिरर मारायचा. आरशात दिसावी तशी दुसरी बाजू तयार होते. धाकटीने ऑफिसात हे हजार वेळा केलं होतं. त्या संध्याकाळीही मिरर मारला आणि खोल्यांबरोबर अंगण पलटलं, अंगणाबरोबर फाटक पलटलं, आणि फाटकाबरोबर गल्लीही पलटली. अक्षरं उलटी झाली असती तर कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलं असतं. पण कॉम्प्युटर आता इतका शहाणा झालाय की नकाशा उलटा करतो आणि अक्षरं सरळ ठेवतो. तिला दिसलं नाही, तिच्या दिराला, म्हणजे मालकाला, दिसलं नाही, मंजुरी देणाऱ्या कचेरीत तीन टेबलांवरून नकाशा फिरला तिथेही कुणाला दिसलं नाही. आणि जागेवर त्या भिंतीला स्लॅब घालताना खाली लावायच्या सेंटरिंगच्या फळ्यांची रास टेकून उभी होती, ती गेल्याच आठवड्यात हलली.

"मॅडम, म्हणजे आग लागली की पाहुण्यांनी इथं यायचं," अधिकारी म्हणाले, "आणि मग काय करायचं? गप्पा मारायच्या?"

ते चिडून बोलले नाहीत. चिडायलाही ताकद लागते, आणि त्या सकाळची ही त्यांची तिसरी जागा होती. त्यांनी रुमालाने मान पुसली.

"साहेब, भिंत काय, पाडून टाकू," दीर म्हणाला.

"तुमची आहे?"

"नाही."

"मग?"

अधिकाऱ्यांनी बाकी विंग बघितली होती आणि बाकीची विंग चोख होती. पॅसेजची रुंदी, पायऱ्यांची उंची, प्रत्येक खोलीला खिडकी, छतातले धूर ओळखणारे डबे, स्वयंपाकघराचा पंखा छपरावर नेलेला. तळमजल्यावरची चाकाच्या खुर्चीची खोली तर त्यांनी दोनदा बघितली. दाराला उंबरा नाही, बाथरूममध्ये खुर्ची पूर्ण फिरते, दांडे हात जाईल तिथेच. "अशी खोली लोक नावाला करतात," ते म्हणाले होते. "ही कुणीतरी बसून केलेली दिसते."

आता ते त्याच खोलीच्या मागच्या भिंतीकडे बघत होते. जिना आणि समोरचा रस्ता यांच्यामध्ये ती एकच खोली होती.

"इथून सरळ पॅसेज काढा," ते म्हणाले. "जिन्यातून थेट रस्त्यावर. प्रश्न मिटला."

"पण मग ही खोली जाते," धाकटी म्हणाली.

"जाते. ती जुन्या विंगमध्ये करून देऊ असं हमीपत्र द्या, सहा महिन्यांची मुदत मिळेल. खोलीला हमीपत्र चालतं. जिन्याला चालत नाही." त्यांनी फाईल काखेत मारली. "हे बघा, मी परत यायचं म्हणजे पंधरा दिवस धरा. शनिवारी दुपारी बारापर्यंत कचेरी उघडी आहे. तोवर बाहेर पडायच्या रस्त्याचा फोटो आणि त्याखाली मॅडमची सही आली, तर मी वापराचा परवाना पुढे करतो. फाटक करा नाहीतर पॅसेज करा. सही मात्र यांचीच. मी फोटो बघणार, सही बघणार. भिंत बघायला येणार नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं की मुद्दाम, हे धाकटीला कळलं नाही. दिराने मात्र ते नीट ऐकून ठेवलं.

तो गुरुवार होता. शनिवारी दुपारी सहलीची पहिली बस येणार होती. निवृत्त शिक्षकांची मंडळी, सगळी साठीच्या पुढची. नव्या विंगमधल्या सगळ्या खोल्या त्यांच्यासाठी होत्या.

*

काउंटरमागच्या खोलीत मोठी जाऊ उशांना अभ्रे घालत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हातातली उशी दोनदा थोपटली.

"म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी," ती म्हणाली. "जिना इकडे, रस्ता तिकडे."

"तू अजून आगीत तेल ओत," दीर म्हणाला.

"मी कुठे ओततेय? मी अभ्रे घालतेय. अख्खं वर्ष मी अभ्रेच घालतेय." ती धाकटीकडे वळली. "तू जेवलीस का?"

"नाही."

"मग आधी जेव. भिंत काही पळून जात नाही."

गवंडी दुपारी येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. खोलीची मागची आणि पुढची भिंत फोडायची, मध्ये दोन्ही अंगांना विटा चढवायच्या. शुक्रवारी सकाळी हात घातला तर शनिवारी सकाळी माणूस जाण्याजोगा रस्ता झालेला असेल. त्याने खिशातून खडू काढला आणि खोलीच्या दोन्ही भिंतींवर दाराएवढे चौकोन आखून ठेवले. पुढचा चौकोन नेमका पलंगाच्या जागी आला.

पलंग अजून यायचा होता. रेडिओ आला होता. खिडकीच्या कट्ट्यावर तो ठेवलेला होता, त्याची वायर नीट गुंडाळून.

रेडिओ आबांचा होता. आबा म्हणजे धाकटीचे सासरे. लॉज त्यांनी सुरू केला आणि जन्मभर त्याच्या काउंटरवर बसले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ते जुन्या विंगच्या पहिल्या मजल्यावर होते. जुन्या विंगला लिफ्ट नाही, आणि जिथे तिथे पायरी. डॉक्टरकडे न्यायचं झालं की चौघे जण खुर्चीसकट उचलून त्यांना खाली आणत. आबा त्या वेळी डोळे मिटून घेत. नव्या विंगमध्ये चाकाच्या खुर्चीची एक खोली हवीच, हा नियम धाकटीने पहिल्यांदा वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे सरकारला कळलं, तुम्हाला नाही कळलं." मग तिने त्यांना खुर्चीत बसवून, जमिनीवर खडूने वळणाची वर्तुळं काढून, त्यांच्या हाताची पोच मोजून खोली आखली. आबा गंमतीने म्हणायचे, "आयुष्यभर गिऱ्हाइकांना खोल्या दाखवल्या, माझं माप कुणी घेतलं नव्हतं." त्या दिवसापासून ते तिला फूटपट्टी म्हणायला लागले.

आबा खोलीत राहायला गेले की ती पाहुण्यांची राहणार नाही, हे कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. चाकाच्या खुर्चीचा पाहुणा आलाच तर आबा दोन रात्री काउंटरमागे झोपतील, असं आबांनीच ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी धाकटी वर गेली. आबा खिडकीशी होते.

"काय गं फूटपट्टी, भिंतीला धडकलीस म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"मला पाय नाहीत. कान आहेत." त्यांचं बोलणं आता जरा जड यायचं, पण टोचायचं तिथे बरोबर टोचायचं. "खोली काप."

"आबा..."

"काप म्हणतोय ना. मी इथं बरा आहे. इथून रस्ता दिसतो. शनिवारी बस येईल तीही दिसेल."

"आणि खाली कधी येणार मग?"

"हमीपत्रावर बसून येईन," आबा म्हणाले आणि स्वतःच हसले. हसता हसता तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ आली, ती त्यांनी चांगल्या हाताने पुसली. धाकटी उठायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "रेडिओ तिथं लागतो का गं? की भिंतीमुळं खरखर येते?"

"लावून नाही बघितला."

"हं," आबा म्हणाले. "आता कशाला."

*

शुक्रवारी सकाळी गवंडी हातोडा घेऊन आला तेव्हा धाकटीने त्याला थांबवलं. ऑफिसला तिने रजा टाकली होती. "दुपारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "मी शेजारी जाऊन येते."

"शेजारी?" दीर म्हणाला. "सिस्टरकडे? ती तुला दारात उभी करेल का?"

"माहीत नाही."

"तुझ्याच्याने होणार असेल तर जा बाई. मी दोनदा गेलोय. दोन्ही वेळा तिने स्वयंपाकघराच्या पंख्यावरून मला शेकून काढलंय."

भिंतीपलीकडे राहणाऱ्या बाई इस्पितळात हेड नर्स होत्या. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली, पण सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. एकट्या राहत. त्यांनी धाकटीला दारात उभी केली नाही. मागच्या अंगणात नेलं. कपडे वाळत घालायचे होते.

"बोल. मी ऐकतेय." त्यांच्या तोंडात चिमटा होता.

धाकटीने सगळं सांगितलं आणि भिंतीत फाटक पाडून त्यांच्या अंगणातून रस्त्यावर जायची वाट मागितली. काही लपवलं नाही, कारण लपवायचं असेल तर आधी काहीतरी रचावं लागतं आणि तेवढं बळ तिच्यात नव्हतं.

सिस्टरनी तोंडातला चिमटा चादरीला लावला. "दोन वर्षं तुमच्या पंख्याने माझे कपडे तळले. धुतलेली साडी नेसले तरी भज्यासारखी दिसायचे."

"पंखा आता छपरावर नेलाय."

"नकाशात लिहावा लागला म्हणून नेलात. माझ्या सांगण्यावरून नाही नेलात."

"हो," धाकटी म्हणाली.

सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं. मग ओले हात पदराला पुसले. "बघू तो नकाशा."

चष्मा शोधण्यात थोडा वेळ गेला. तो केसांत होता. त्यांनी कपडे धुण्याच्या दगडावर नकाशा पसरला आणि केसपेपर वाचावा तसा एका टोकापासून वाचला.

"हे काय? हे माझं अंगण?"

"हो."

"आणि इथं काय लिहिलंय?"

"मोकळी जागा."

"माझं घर मोकळी जागा आहे होय!" सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता की हसू, ते सांगणं कठीण होतं. "माझ्या भिंतीला तू फाटक पाडलंस, माझ्या अंगणावर गल्ली घातलीस, कचेरीने त्यावर शिक्का मारला, आणि मी इथं बसून भाजी निवडतेय. मला सांगायचं तरी. मी आवरून बसले असते."

धाकटीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. दोन्ही तिने आवरलं.

"फाटकाला कुलूप कुणाकडे राहील?" सिस्टरनी एकदम विचारलं.

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. "कुलूप नाही लावता येत. तुमच्या बाजूने आत कुणाला जाता येणार नाही. पण आमच्या बाजूने दांड्यावर हात ठेवला की उघडलंच पाहिजे. कधीही. नियम तसा आहे."

"कधीही."

"उघडलं की घंटा वाजेल असं करता येतं. मोठ्याने वाजेल."

"म्हणजे आग लागली तर माणसं येतील. येऊ देत. त्यांना मी नाही म्हणणार नाही. आणि आग नसेल तेव्हा सिगारेट ओढायला येतील. फोनवर बोलायला येतील. घंटा वाजेल, मी उठून बघेन, कुणीतरी सॉरी म्हणेल." सिस्टरनी नकाशाची घडी घातली. "वॉर्डाचं मागचं दार आमच्याकडे कुलूप लावून ठेवायचे. चोऱ्या होतात म्हणून. माझं आणि मेट्रनचं त्यावरून कायम वाजायचं. मी म्हणायचे उघडं ठेवा. तेव्हा दाराच्या त्या बाजूला मी राहत नव्हते, म्हणून म्हणायचे." त्या थांबल्या. "मी एकटी राहते. भिंतीपलीकडे रोज नवी अनोळखी माणसं आणि मध्ये कुलूप न लागणारं दार. तू राहिली असतीस?"

धाकटीने विचार केला. हो म्हणणं सोपं होतं.

"नसते राहिले," ती म्हणाली.

सिस्टरनी नकाशा तिच्या हातात परत दिला नाही. काखेत धरला.

"जा आता. सांगते."

"कधी सांगाल?"

"आग लागलीय का?"

"नाही."

"मग सांगते."

*

दुपारपर्यंत निरोप आला नाही. दुपारचे चार वाजले तरी आला नाही. गवंडी खडूच्या चौकोनासमोर उकिडवा बसून होता. मग त्याला दुसऱ्या जागेवरून फोन आला आणि तो उठला.

"आता हात घातला तरी उद्या सकाळी रस्ता होणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही काय ते ठरवा. मी उद्या येतो. माझी हत्यारं इथंच राहू देत."

धाकटी तिथेच जमिनीवर बसली. तिने आबांची खोली वाचवली होती की वेळ घालवली होती, हे तिचं तिलाच सांगता येईना. नवऱ्याचा फोन आला. तो कामासाठी दुसऱ्या शहरात होता. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." हे वाक्य तो लग्नापासून म्हणत होता. पूर्वी तिला ते विश्वासाचं वाटायचं.

सहाच्या सुमारास मागच्या अंगणातून ड्रिलचा आवाज आला. ती धावत गेली.

तिच्या दिराने शेजारणीच्या भिंतीवर फाटक बसवलं होतं. खरोखरीचं फाटक होतं: लोखंडी चौकट, हिरवा पत्रा, आडवा दांडा. जुन्या विंगचं काढलेलं फाटक असावं, रंग नवा होता. चौकट चार बोल्टांनी भिंतीत घट्ट केलेली होती. वर त्याने हिरवी पाटीही लावली होती, पळणाऱ्या माणसाच्या चित्राची. पाटीतला माणूस दारातून बाहेर पळत होता. दारामागे विटा होत्या.

"भाऊजी, हे काय?"

"फाटक. नकाशात आहे तसं." तो तिच्याकडे न बघता बोलला. "फोटो काढलाय. बघ. फोटोत भिंत दिसते का सांग."

तिने फोटो पाहिला. छान आला होता.

"नाही दिसत."

"मग?"

"पळणाऱ्याला दिसेल."

दिराने ड्रिल खाली ठेवलं. तो दमलेला होता. वर्षभर तो लॉजच्याच एका खोलीत झोपत होता, सिमेंटच्या खोकल्याने त्याचा आवाज बसला होता. वाईट माणूस नव्हता. वाईट माणूस असता तर धाकटीचं काम सोपं झालं असतं.

"ऐक," तो म्हणाला. "दोन रात्रींचा प्रश्न आहे. ती मंडळी सोमवारी सकाळी जातील. ती गेली की त्याच दिवशी मी स्वतः उभा राहून काय ते करतो. खोली कापायची तर कापू, सिस्टरच्या पाया पडायचं तर पडू. पण आत्ता आबांची खोली मी नाही फोडणार. तू सकाळी गवंड्याला थांबवलंस ना, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? तो चौकोन बघवत नाही मला."

"मलाही नाही बघवत."

"मग सही कर."

"आणि बस रद्द केली तर?"

"त्यांनी आगगाडीची तिकिटं पुढची काढलीयत. गावात आता एक खोली रिकामी नाही, मी विचारलंय. म्हातारी माणसं आहेत, कुठं जातील? रस्त्यावर झोपतील?" त्याने कपाळ चोळलं. "दोन रात्रीत काय होणार आहे गं?"

बहुतेक काहीच होणार नव्हतं. बहुतेक ती मंडळी जेवतील, फिरतील, गुडघे दुखले म्हणून लिफ्टचं कौतुक करतील आणि सोमवारी निघून जातील. मागच्या जिन्याचं दार कुणी उघडणारही नाही. तिने डोळ्यांसमोर तेच आणायचा प्रयत्न केला. पण ती नकाशे काढणारी बाई होती. जिना म्हटला की तिला त्यावर उतरणारी माणसं दिसत. धुरात, हात भिंतीला लावत, एकमेकांच्या खांद्यावर, पायरी पायरी. दारापर्यंत सगळं नियमाप्रमाणे. दांड्यावर हात टेकतो, दार उघडतं, बाहेरची हवा लागते, समोर हिरवी पाटी. पहिला माणूस दांडा दाबतो. मागचे अजून येतच असतात.

"मी उद्या सकाळी सांगते," ती म्हणाली. आपण सिस्टरसारखं बोललो, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

जाऊ मागे येऊन उभी होती. तिने फाटकाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"आगीतून फुफाट्यात म्हणायचे, ते हेच का हो?" ती म्हणाली. "रंग तरी वाळू द्यायचा. हाताला लागतोय."

*

शनिवारी सकाळी सातला सहलीच्या प्रमुखांचा फोन आला, बस निघाली. सगळे आनंदात आहेत, दोघांना चाकाच्या खुर्च्या लागतात हे आधी सांगायचं राहिलं, चालेल ना? जावेने फोन घेतला होता. ती म्हणाली, चालेल. फोन ठेवल्यावर तिने धाकटीला तसं सांगितलं.

आठला धाकटी तळमजल्यावरच्या खोलीत गेली. खडूचे चौकोन होते तसेच होते. गवंड्याचा हातोडा आणि छिन्नी कोपऱ्यात होती. गवंडी आला नव्हता. फोनही उचलत नव्हता. तिने खिडकीतल्या रेडिओची वायर सोडली, प्लग लावला. खरखर आली नाही. स्वच्छ लागला. तिने तो बंद केला नाही.

नऊला दिराने छापलेला फोटो आणि सहीचा कागद काउंटरवर आणून ठेवला, त्यावर पेन आडवं ठेवलं आणि चादरी मोजायला निघून गेला. कचेरी वीस मिनिटांवर होती. धाकटीने पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. मग कागद तसाच ठेवून ती मागच्या अंगणात गेली.

तिला एकदा फाटकाला हात लावून बघायचा होता. रंग वाळला होता. तिने दांडा दाबला. पल्ला बोटभर पुढे गेला आणि विटांना टेकला.

त्याच वेळी भिंतीच्या पलीकडून पहिला ठोका आला.

ती मागे सरकली. दुसरा ठोका आला, मग थोडं थांबून तिसरा. लोखंडावर लोखंड. मध्येच सिस्टरचा आवाज ऐकू आला, "तिथं नाही, इथं," आणि एका पुरुषाचा आवाज, काय म्हणाला ते समजलं नाही. तो लॉजच्याच गवंड्याचा असावा असं तिला वाटलं, पण शपथेवर सांगता आलं नसतं.

"सिस्टर!" तिने हाक मारली. "सिस्टर, काय चाललंय?"

ठोके थांबले नाहीत.

भिंत फोडायची तरी सुरुवात अशीच होते, आणि भिंतीवर काचा किंवा तारेचे खांब बसवायचे तरी सुरुवात अशीच होते. सिस्टरनी नकाशा अजून परत केलेला नव्हता. आवाज ऐकून जाऊ बाहेर आली होती. ती म्हणाली, तू थांब, मी बघून येते, आणि पायातल्या सपातांनिशीच समोरून वळसा घालून शेजारी गेली.

दहा वाजले तेव्हा जाऊ परत आलेली नव्हती. बस निम्म्याहून जास्त वाट कापून आली होती. आबांच्या खिडकीतून रस्ता दिसत होता आणि आबा खिडकीत होते. काउंटरवरच्या कागदावर सहीची जागा कोरी होती. पलीकडचे ठोके चालूच होते, आणि प्रत्येक ठोक्याला हिरव्या फाटकाचा पत्रा थरथरत होता.